चाळिशीत पुन्हा ड्रॉइंगचा वर्ग

चाळिशीच्या घरातली एखादी गृहिणी किंवा कारखान्यातली नोकरी सुटलेला एखादा गृहस्थ चित्रकला शिक्षक व्हायचं ठरवतो आणि कला शिक्षक पदविकेला, म्हणजे सगळे ज्याला ए.टी.डी. म्हणतात त्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायला निघतो, तेव्हा घरचे आणि दारचे एकच विचारतात: आता या वयात? विचारण्यात काळजी असते, पण त्यामागे एक हिशेबही असतो. शिक्षणात घातलेली वर्षं पुढे नोकरीच्या वर्षांनी भरून निघाली पाहिजेत, हा तो हिशेब. पुण्याजवळच्या मावळातल्या कान्ह्यासारख्या गावात तो आणखी कडक होतो. पुण्यातलं कला महाविद्यालय गाठायचं तर सकाळची लोकल धरायची, स्टेशनवरून पुन्हा बस, बगलेत ड्रॉइंग बोर्ड, आणि संध्याकाळी परत येऊन स्वयंपाक किंवा शेताची कामं. एवढं करून मिळणार काय, असं शेजाऱ्याला वाटलं तर त्याला दोष देता येत नाही. तरीही हा हिशेब अपुरा आहे, असं मला वाटतं. उशिरा शिकायला आलेल्या माणसाकडे चित्रकलेच्या वर्गाला हवं असलेलं काहीतरी असतं, आणि तेच या हिशेबातून सुटून जातं.

लहान मूल बिनधास्त चित्र काढतं. नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास मात्र आपलं चित्र समोरच्या वस्तूसारखं दिसावं, असं त्याला वाटू लागतं. तसं ते दिसत नाही, आणि ‘मला चित्रकला येत नाही’ असं ठरवून मूल वही मिटतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मध्ये ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ या ग्रंथात मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या मांडल्या. वास्तवाचं भान जागं होण्याची पायरी त्यांनी याच वयाच्या आसपास दाखवली आहे. बेटी एडवर्ड्स या अमेरिकन कलाशिक्षिकेने 1979 मध्ये पुढचा धागा उचलला. चित्र काढणं सोडून दिलेल्या मोठ्या माणसांनी पेन्सिल हातात घेतली की त्यांची चित्रं दहा-बारा वर्षांच्या मुलासारखीच येतात, कारण ती तिथेच थांबलेली असतात. आणि नीट बघायला शिकवलं की त्यांचा हात लवकर सुधारतो. मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांबद्दलचं तिचं स्पष्टीकरण पुढे शास्त्रज्ञांना पटलं नाही, पण शिकवण्याची तिची रीत जगभर टिकली. आता विचार करा: पाचवी-सहावीच्या वर्गात वही मिटून बसलेल्या मुलाला कोण समजून घेईल? ज्याचं चित्र लहानपणापासून फळ्यावर लागत आलं, तो अठरा वर्षांचा हुशार विद्यार्थी ‘मला येत नाही’ या भिंतीला कधी धडकलेलाच नसतो. वीस-पंचवीस वर्षांच्या खंडानंतर वस्तुचित्राचा कागद समोर घेऊन बसलेल्या माणसाला तिचा अनुभव ताजा असतो. तांब्याची लंबवर्तुळाकार कड चुकणं, ती खोडणं, पुन्हा काढणं, शेजारची निम्म्या वयाची मुलगी ती एका दमात काढते हे बघणं, हे सगळं त्याने नुकतंच सोसलेलं असतं. शिक्षकाला ही आठवण उपयोगी पडते, आणि ती कुठल्या पुस्तकातून मिळत नाही.

मोठ्या वयात शिकून शिक्षक होणं हे महाराष्ट्राला नवं नाही, हे आपण का विसरतो ते कळत नाही. 1909 मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झालं. तिथे संसारात पडलेल्या आणि विधवा स्त्रियांसाठी वर्ग चालत आणि त्यांतून शिक्षिका व परिचारिका तयार होत. पार्वतीबाई आठवले यांचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. विशीत वैधव्य आलं, अक्षरओळखीपासूनचं शिक्षण त्यानंतर झालं, मग त्या शिकवू लागल्या, महर्षी कर्व्यांच्या संस्थेसाठी गावोगाव निधी मागत हिंडल्या, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर, 1918 मध्ये, इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. त्यांच्या उरलेल्या वर्षांचा हिशेब त्या काळच्या कोणी मांडला असता तर तो साफ चुकला असता. स्वतः उशिरा शिकलेली बाई समोर उभी राहिल्यावर उशिरा शिकायला आलेल्या दुसऱ्या बाईला जो धीर येतो, त्यावर त्या संस्था उभ्या राहिल्या.

चित्रकलेचं वेगळं आहे, तिथे हात लहानपणीच तयार व्हावा लागतो, असं यावर म्हटलं जाईल. रवींद्रनाथ ठाकूर साठीच्या पुढे चित्रकलेकडे वळले आणि 1930 मध्ये पॅरिसला त्यांचं प्रदर्शन भरलं, हे उत्तर पटकन सुचतं. पण ते मला पुरेसं वाटत नाही. ते रवींद्रनाथ होते, आणि त्यांना पदविकेची परीक्षा द्यायची नव्हती. प्रिन्स्टनमध्ये इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या नेल पेंटर या प्राध्यापिकेचा अनुभव अधिक खरा आहे. साठी ओलांडल्यावर त्या अमेरिकेत कला महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला बसल्या. ‘तुम्ही कधी चित्रकार होणार नाही’ या आशयाचं बोलणं त्यांना एका शिक्षकाकडून ऐकावं लागलं. त्यांनी पदवी घेतली, पुढे पदव्युत्तर शिक्षणही घेतलं, आणि 2018 मध्ये त्या सगळ्यावर पुस्तक लिहिलं. हात जड असतो, नजर जुन्या वळणाची असते, हे त्या पुस्तकात लपवलेलं नाही. म्हणून मला वाटतं की उशिरा आलेल्या विद्यार्थ्याला वयाचा मान म्हणून गुण देणं हा त्याचा अपमान आहे. कर्तव्यभूमितीची रेघ जिथे मिळायला हवी तिथेच मिळाली पाहिजे. स्मरणचित्रातल्या माणसाचं प्रमाण चुकलं तर ते चुकलंच. सवलत द्यायची तर ती वेळेत द्यावी, शुल्काच्या हप्त्यांत द्यावी. मूल्यमापनात मुळीच देऊ नये.

घरातला आक्षेप याहून अवघड आहे. मुलगा अकरावीत, मुलगी आठवीत, आणि आई ड्रॉइंग शीट्स नि पोस्टर कलर आणते. घरातला पैसा आधी कोणाच्या शिक्षणाला? या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि कर्ज काढून पदविका घ्या असं मी कोणाला म्हणणार नाही. एवढंच बघावं की शिक्षणाला वय असतं असं आपण ज्यांना ऐकवतो, त्या बहुतेक बायका असतात. पुरुषाने चाळिशीत नवा धंदा काढला तर घर त्याच्या मागे उभं राहतं. शिवाय एकदा घेतलेलं शिक्षण जन्मभर पुरेल ही खात्री मावळात तरी उरलेली नाही. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना 2020 च्या अखेरीस बंद झाला तेव्हा मधल्या वयातल्या कितीतरी कामगारांना दुसरं काहीतरी शिकणं भाग पडलं.

सगळ्यांत गंभीर आक्षेप नोकरीचा, आणि इथे उगाच धीर देणं अनीतीचं ठरेल. राज्यात शासकीय सेवेत शिरण्याची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला साधारण 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षं आहे. मधूनमधून शिथिलता मिळते, पण ती धरून चालता येत नाही. चाळिशीत पदविका हाती आली तर अनेकांना शासकीय भरतीचं दार बंद झालेलं असेल. प्रवेश देताना महाविद्यालयाने ही गोष्ट अर्जदाराला समोर बसवून सांगायला हवी. माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात छापून भागणार नाही. ज्याला हे सांगितलं गेलं आणि तरीही जो आला, त्याचा निर्णय त्याचा. ज्याला सांगितलं गेलं नाही, त्याची फसवणूक झाली, असंच म्हणावं लागेल. खासगी शाळा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या तयारीचे वर्ग, मानधनावरची कामं, एवढा पैस त्याच्यापुढे राहतो. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला सात, पाच किंवा तीन वाढीव गुण मिळतात, त्यामुळे या वर्गांना मागणी आहे. मात्र त्या मागणीपायी चित्रकला गुणांच्या दुकानात जाऊन बसते, आणि वही मिटलेलं मूल अशा वर्गात पाऊलच टाकत नाही.

ते मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत असतं, आणि तिथे चित्रकलेचा शिक्षक बहुधा नसतो. याला कायद्याचंही कारण आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत, पण सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुलं असतील तरच. आंदर मावळातल्या, नाणे मावळातल्या लहान शाळा त्या आकड्याला कशा पोहोचणार? ज्यांच्या डोळ्यांसमोर भाजे, बेडसे आणि कार्ले आहेत, त्याच मुलांना त्या कोरीव कामाकडे कसं बघायचं हे शिकवणारं कोणी नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातला एक शिलालेख द्वार घडवणाऱ्या धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराची नोंद करतो. या मुलांपैकी किती जणांना ते ठाऊक असेल?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये स्थानिक कला-कौशल्यांसाठी त्या भागातल्या जाणकारांना शाळेत शिकवायला घेण्याची तरतूद सुचवली आहे. ती कागदावरून खाली आणायची तर शाळा हे एकक धरून भागणार नाही. केंद्र धरावं लागेल. केंद्रशाळेच्या भोवतालच्या शाळांची मुलं एकत्र मोजली तर शंभरचा आकडा अडत नाही, आणि आठवड्यातून एकेक दिवस एकेका शाळेत जाणारा एक चित्रशिक्षक पुरतो. असं फिरतं, थोड्या मानधनाचं काम बावीस वर्षांचा तरुण दोन वर्षांत सोडून जाईल, त्याने जावंही. त्याला पूर्ण पगाराची नोकरी हवी आणि ती मिळायला हवी. कान्ह्यात किंवा टाकव्यात ज्याचं घर आहे, मुलं जवळपास मार्गी लागली आहेत आणि ज्याला गावातल्या पोरांची नावं पाठ आहेत, तो राहील. स्वस्तात शिक्षक राबवण्याची ही पळवाट ठरेल, अशी शंका कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. त्यासाठी या कामाचं मानधन नियमित शिक्षकाच्या तासांच्या प्रमाणात ठरावं, ते दर महिन्याला मिळावं, आणि नेमणुकीला अडतीसची अट लावू नये. पदविका आणि मुलांसमोर उभं राहून घेतलेला एक पाठ, निवडीला एवढं पुरे.