दिवाणाचा आवाज

कावेरीकाठच्या कुंभकोणम् येथे १८२८ साली जन्मलेल्या टी. माधवराव यांच्या घरची भाषा मराठी होती. भोवती तमिळ, शिक्षण इंग्रजीतून आणि चाकरी एकामागून एक तीन संस्थानांची. जो जन्मभर दुसऱ्याच्या मुद्रेखाली बोलत राहिला, त्याचा स्वतःचा आवाज कोणता मानावा?

मद्रासच्या अकौंटंट जनरलच्या कचेरीतील नोकरी सोडून १८४९ साली ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि तिशीच्या आत त्याच संस्थानाचे दिवाण. वडील रंगराव हेही तेथे दिवाण होऊन गेले होते. तेव्हा वाट अगदीच अनोळखी नव्हती. कर्जात रुतलेला खजिना त्यांनी सावरला आणि कारभारावरील त्यांची पकड सर्वमान्य झाली. पण अधिकारातून येणारा आत्मविश्वास आणि स्वत्वाची खात्री या दोन गोष्टी एकच आहेत काय? १८५९ साली शाणार स्त्रियांनी अंग झाकावे की नाही यावरून दंगे उसळले. मद्रास सरकारचा दाब आला आणि जाहीरनामा निघाला : त्यांनी अंग झाकावे, मात्र उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे नव्हे. जाहीरनामा महाराजांचा होता, हे खरे. तरीही त्या ‘मात्र’ या शब्दातून दिवाणाला सुटका नाही. चाकरीतला सावधपणा माणसाच्या भाषेत असा मुरतो की पुढे तो सावधपणा कोणाचा, हे त्यालाही सांगता येऊ नये.

१८७२ मध्ये त्रावणकोर सुटले. इंदूरला दोन वर्षे गेली. १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर त्यांना बडोद्यास बोलावण्यात आले. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक आणलेला एक मुलगा तेथे राजा व्हायचा होता. त्या सयाजीरावांपुढे दिलेली व्याख्याने १८८१ साली ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. दिवाण येथे पुन्हा शिक्षक झाला होता. राजाच्या वतीने बोलणे निराळे आणि उद्याच्या राजाला समोर बसवून त्याची कर्तव्ये सांगणे निराळे. या दुसऱ्या बोलण्याला राजमुद्रेची ओट लागत नाही.

१८८२ साली बडोदे सोडून ते मद्रासला परतले. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे स्वागताध्यक्षपद त्यांच्याकडे आले. आता कोणत्याही महाराजाची मर्जी सांभाळायची नव्हती, ‘राजा सर’ या पदव्या नावामागे होत्या, श्रोते समोर होते. अशा वेळी १८८९ मध्ये मुलांच्या संगोपनावर त्यांनी जी पुस्तिका काढली, तिच्यावर लेखक म्हणून नाव घातले ‘नेटिव्ह थिंकर’, म्हणजे एतद्देशीय विचार करणारा कोणीतरी. घरातील वळण, मुलांना लागणाऱ्या सवयी, अशा साध्या विषयासाठी नाव लपवण्याचे प्रयोजन काय? भय म्हणावे, तर गमावण्यासारखे फारसे उरले नव्हते. हिंदू समाजाला राजकीय जाचापेक्षा स्वतः ओढवून घेतलेल्या दुःखांनीच अधिक ग्रासले आहे, असे मत मांडणारा हा माणूस भित्रा म्हणता येत नाही. कदाचित त्यांचे नाव आता त्यांचे एकट्याचे राहिले नव्हते. ते उच्चारताच तीन दरबार, त्यांतील तडजोडी आणि तो १८५९ चा ‘मात्र’ मागोमाग येत. विचार तेवढा ऐकला जावा, तर नाव बाजूला ठेवणे भाग होते. यात माघार आहे की मुक्ती, याचा निवाडा सहजासहजी होत नाही. दोन्ही असणेही अशक्य नाही.

१८९१ साली माधवराव निवर्तले. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे. त्या चौकाला लोक नुसते ‘स्टॅच्यू’ म्हणतात. कोणाचा, हे बसमधून उतरणाऱ्याला विचारावे लागत नाही.