माशी कुठे शिंकली?



काम बिघडले की आपण सहज म्हणतो, 'कुठे माशी शिंकली कोण जाणे!' माशीला शिंकताना कोणी पाहिले आहे काय? पण बिघडल्या कामाचा दोष कोणाच्या तरी नाकावर ठेवावाच लागतो. माणूस सापडला नाही तर माशीच्या. आज या शिंकेचाच थोडा विचार करू.

घरातून निघताना कोणी शिंकले की आपण थांबतो, घोटभर पाणी पितो, मग पाऊल टाकतो. एक शिंक वाईट, दोन आल्या तर चालतात. बोलता बोलता आली तर 'सत्य' म्हणायचे. आणि तान्हे बाळ शिंकले की आजी म्हणते, 'शतं जीव!' शिंक एकच, पण तिची फळे बघा किती!

आता श्रोते विचारतील, महाराज, हे आले कोठून? बाबांनो, फार जुने आहे. अथर्ववेदात 'परिक्षव' म्हणजे शिंक अशुभात गणली आहे आणि ते अशुभ टळो अशी प्रार्थना आहे. शिंकल्यावर आचमन करावे, नाहीतर उजव्या कानाला हात लावावा, असे स्मृतिकार सांगतात. पण तिकडे ग्रीक देशात पाहावे तो सारेच उलटे! होमरच्या 'ओडिसी' काव्यात मुलगा शिंकतो आणि आई तो शुभशकुन मानून हसते. इ.स.पू. ४०१ मध्ये झेनोफन नावाचा सरदार संकटात सापडलेल्या सैन्यापुढे बोलत असता एकजण शिंकला, तर देवाने कौल दिला म्हणून साऱ्या सैन्याने नमस्कार केला. तीच शिंक इकडे अपशकुन, तिकडे शकुन. तेव्हा गुणदोष शिंकेत नाही, मानणाऱ्याच्या मनात आहे, हा सिद्धांत.

शिंक न विचारता येते, सारे अंग हलवून जाते. ऐकणाऱ्याला दुसऱ्याच्या जिवाची काळजी वाटली, म्हणून त्याने 'जीव' म्हटले. मुसलमान बंधू शिंकला की 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणतो, आणि ऐकणारा त्याला 'देव तुझ्यावर दया करो' असे त्यांच्या भाषेत म्हणतो. बौद्धांच्या गग्ग जातकात गोष्ट आहे. भगवान बुद्ध धर्म सांगत असता शिंकले. भिक्षूंनी 'जगा, जगा' असा गलका केला; प्रवचन थांबले. बुद्धांनी विचारले, असे म्हटल्याने कोणी जगतो, की न म्हटल्याने मरतो? भिक्षू म्हणाले, नाही. तेव्हा त्यांनी ते म्हणणे बंद केले. पण पुढे लोक भिक्षूंना 'जगा' म्हणत, भिक्षू गप्प राहत, आणि लोकांना वाईट वाटे. मग बुद्धांनी उलट आशीर्वाद देण्याची मोकळीक दिली. शब्दाने आयुष्य वाढत नाही, पण प्रेमाचा शब्द मोडूही नये, हे त्यातले मर्म. आपण मात्र आशीर्वाद तान्ह्या बाळापुरता ठेवला आणि बोल मोठ्यांच्या वाट्याला दिला.

वैद्यक काय म्हणते? नाकात धूळ, मिरचीचा खाट गेला की शरीर तो जोराने बाहेर टाकते, ती शिंक. चरकाचार्यांनी न दाबायचे तेरा वेग सांगितले, त्यांत हाही एक. शिंक दाबली तर मान आखडते, डोके दुखते, अर्धशिशी होते, तोंडही वाकडे होते, असे ते लिहितात.

हे पाठशाळेत वाचले त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आले. का, ते सांगतो.

आमचे खेडे मेहकर तालुक्यातले. घरी विधवा आत्या होती. जात्यावरचे पीठ, खळ्यावरचा भुसा नाकात जाऊन तिला बारमाही पडसे. घरातला पुरुष बाहेर निघाला की ती पदराचा बोळा तोंडात धरून गोठ्यात जाऊन बसे. १९७२ साली गावची दिंडी पंढरीला निघाली. वीणा खांद्यावर चढली आणि आत्या शिंकली! सगळे थबकले. विणेकरी बाबा म्हणाले, "काहून थांबले रे? देवाचं नाव घ्या अन् चाला." दिंडी गेली. पण ते साल दुष्काळाचे. आभाळ कोरडे राहिले आणि गावात कुजबूज सुरू झाली. मी दहा वर्षांचा. मीही म्हणालो, "आत्या, तुह्या शिंकेनं पाऊस पळाला." ती काही बोलली नाही. उठून गोठ्यात गेली.

बाबा परतल्यावर हे त्यांच्या कानी गेले. पारावर सर्वांना बसवून ते म्हणाले, "जालना, बीड, पंढरपूर, सारा मुलूख म्या पायानं पाह्यला. तिकडंबी तेच कोरडं आभाळ. तितक्या गावाईनं काय हिची शिंक आयकली?" कोणाला उत्तर सुचले नाही. पुढल्या साली दिंडी निघताना बाबांनी तुळशीवृंदावन आत्याच्या डोक्यावर दिले आणि तिला सर्वांपुढे चालवले. त्या दिवशी ती शिंकली की नाही, कोणी ध्यानातही ठेवले नाही.

मी तिची क्षमा मागितली ती फार उशिरा. ती हसून एवढेच म्हणाली, "लेकरू होतास तू."

माउलींनी विराणीत शकुनाचा कावळा घेतला, पण त्याला विचारले ते पंढरीराव घरी केव्हा येतील हेच. शकुन पाहायचाच तर असा पाहावा. तेव्हा माउलीहो, उद्या तुमच्या दारात कोणी शिंकले तर त्याच्याकडे रागाने पाहू नका. सून असो, विधवा असो, म्हातारा असो, 'शतं जीव' म्हणा आणि नामस्मरण करीत निघा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!