घेणाऱ्यांच्या वह्यांतले पूर्वज

आयरिश पूर्वज शोधायला निघालेल्या प्रत्येकाला सुरुवातीलाच एक तारीख सांगितली जाते: ३० जून १९२२. ब्रिटनशी झालेला तह मान्य नसलेले बंडखोर एप्रिलपासून डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये ठाण मांडून होते आणि तह मान्य असलेल्या नव्या सरकारने बाहेरून तोफा लावल्या होत्या. त्या दिवशी तिथे प्रचंड स्फोट झाला आणि शेजारचं सरकारी अभिलेखागार जळून गेलं. सात शतकांची दप्तरं गेली. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे जवळजवळ सगळे कागद, मृत्युपत्रं आणि चर्च ऑफ आयर्लंडने ठेवायला दिलेल्या शेकडो पॅरिशच्या नोंदवह्या त्यात होत्या. अर्धवट जळलेले कागद शहरभर उडत होते.

ही आग खरी आहे, तिने केलेलं नुकसानही खरं आहे. पण सगळा दोष तिच्यावर टाकला की एक गोष्ट नजरेआड होते. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनांचे घरोघरचे तक्ते आगीत गेलेच नाहीत. आकडेवारी काढून झाल्यावर ते सरकारी हुकमानेच नष्ट करण्यात आले. १८८१ आणि १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धातल्या कागदटंचाईत लगद्यासाठी गेले. आकडे हाती आले, माणसांची नावं कशाला जपायची, असा तो सरळ हिशेब होता. आयर्लंडमधल्या सामान्य कुटुंबांचा माग आज इतका अवघड आहे, त्याला बंदुकीइतकीच ही कचेरीतली बेफिकिरीही जबाबदार आहे.

मग उरलं काय? उरलेल्या कागदांकडे नीट पाहिलं की ते कोणी आणि कशासाठी लिहिले, हे लख्ख दिसतं. १८२३ ते १८३७ या काळातल्या दशांश कराच्या वह्या आहेत. शेतकरी कॅथलिक असला तरी त्याच्या जमिनीवर प्रोटेस्टंट चर्चसाठी कर बसे, त्या वसुलीच्या या याद्या. त्यानंतर रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ दरम्यान देशभर झालेली मालमत्तेची आकारणी. तिच्यात कूळ कोण, जमीनदार कोण, जमीन किती, घराची किंमत काय, सगळं आहे. फक्त घरातल्या बाकीच्या माणसांचा पत्ता नाही. बायको, मुलं, म्हातारी आई, कोणीच नाही, कारण कर कर्त्या माणसाकडूनच घ्यायचा होता. दुष्काळाची वर्षं १८४५ ते १८५२. १८४१ साली देशाची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती, १८५१ साली ती साडेपासष्ट लाखांवर आली. सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी मेली, निदान तितकीच परदेशी गेली. म्हणजे ग्रिफिथ यांची माणसं काही परगण्यांत मोजणी करायला पोहोचली तेव्हा मोजायची घरं आधीच ओस पडली होती. ज्याचा पूर्वज १८४७ साली जहाजावर चढला, त्याला तो या यादीत सापडणार कसा?

गरिबाचं नाव कागदावर चढलं ते त्याच्याकडून काही घ्यायचं होतं म्हणून, हा या साऱ्या शोधाचा पहिला धडा. ऑस्ट्रेलियाला पाठवलेल्या कैद्यांचं वय, वर्ण, अंगावरच्या खुणा अशी बारकाव्यानिशी नोंद आहे. त्यांच्या घरी राहिलेल्या प्रामाणिक भावंडांबद्दल मात्र एक ओळही मिळत नाही.

उलट दिशेचं एकच मोठं उदाहरण मला आठवतं. १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरी ओलांडलेल्यांना वृद्धापकाळ निवृत्तिवेतन मिळू लागलं. पण आयर्लंडमध्ये सगळ्या जन्मांची सक्तीची नोंदणी १८६४ पासूनची, त्यामुळे सत्तरीतल्या कोणाकडेच दाखला नव्हता. हजारो म्हाताऱ्यांनी अर्ज केले, ‘आमचं वय १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत बघा.’ कारकुनांनी ते तक्ते काढले, अर्जावर आईबापांची आणि भावंडांची नावं उतरवून घेतली. तेरा वर्षांनी मूळ तक्ते जळाले आणि हे अर्ज वाचले. आज कित्येक घराण्यांना दुष्काळापूर्वीच्या कुटुंबाचा एकमेव पुरावा मिळतो तो कोणा आजीने आठवड्याच्या पाच शिलिंगांसाठी केलेल्या अर्जात.

कॅथलिक पॅरिशच्या वह्याही वाचल्या, त्या मात्र सरकारी उपेक्षेमुळे. कॅथलिक चर्च राजमान्य नव्हतं, त्यामुळे त्याच्या वह्या सरकारी अभिलेखागारात नव्हत्या, त्या गावोगावच्या चर्चमध्येच राहिल्या. हजारांहून अधिक पॅरिशच्या या नोंदी आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ साली इंटरनेटवर विनामूल्य खुल्या केल्या. त्यांचं महत्त्व मला फार वाटतं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं आणि धर्मपिता-धर्ममाता म्हणून उभे राहिलेल्यांची नावंही असतात. ते बहुधा मामा, मावशी, चुलते, नाही तर शेजारी. कॉर्कमध्ये मर्फी आणि सलिव्हन पायलीला पन्नास. त्यांतला आपला कोणता, हे बापाच्या नावावरून कधीच कळत नाही, ते कळतं या साक्षीदारांवरून. म्हणून अनुभवी संशोधक सरळ वर चढत नाहीत. आधी भावंडं शोधतात, सोयरे शोधतात, त्याच टाउनलँडमधून निघालेले शेजारी शोधतात. टाउनलँड म्हणजे तिथला जमिनीचा सर्वांत लहान पारंपरिक विभाग. देशात असे साठ हजारांहून अधिक आहेत, आणि तो एकदा सापडला की निम्मं काम झालं.

तोच नेमका सापडत नाही, कारण निघणाऱ्यांची नोंद कोणी ठेवली नाही. ब्रिटन-आयर्लंडच्या बंदरांतून बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या याद्या सरसकट मिळतात त्या १८९० पासूनच्या. तोवर लाखो लोक बहुतांशी लिव्हरपूलमार्गे निघून गेले होते. अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरताना यादीत नाव पडलं, पण गावाच्या रकान्यात ‘आयर्लंड’ एवढंच. मरणाच्या दाखल्यावरही तेच.

या पोकळीत दोन गोष्टी हाती लागतात. बोस्टनच्या ‘पायलट’ या कॅथलिक वृत्तपत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत, तब्बल नव्वद वर्षं, हरवलेल्या आप्तांच्या शोधाच्या जाहिराती छापून येत. अमुक परगण्यातला, तमुक पॅरिशचा, या साली निघाला, शेवटचं ऐकलं तेव्हा रेल्वेच्या नाही तर कालव्याच्या कामावर होता, कोणाला ठाऊक असेल तर त्याच्या बहिणीला कळवा. मुलांना घेऊन समुद्र ओलांडून आलेल्या बायका नवऱ्याचा पत्ता विचारत. दुसरी गोष्ट न्यूयॉर्कमध्ये १८५० साली स्थलांतरितांसाठी निघालेल्या बचत बँकेची. अनेक खातेदारांना सही करता येत नसे, म्हणून ओळख पटवायला बँक त्यांना घरची माहिती विचारून वहीत लिहून ठेवी: जन्म कुठला, आईबाप कोण, भाऊ-बहिणी किती आणि कुठे. इथे माणूस स्वतःहून बोलतो आहे. त्याच्याकडून कोणी कर मागत नाही, त्याला कोणी शिक्षा करत नाही. मायदेशात ज्यांची किंमत फक्त खंडापुरती धरली गेली, त्यांची नातीगोती प्रथमच सविस्तर लिहिली गेली ती परक्या शहरातल्या बँकेत, हे मला फार बोलकं वाटतं.

अशा शोधाचं खरं मोल कळतं ते अ‍ॅनी मूरच्या कथेत. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचं एलिस आयलंड केंद्र उघडलं, तेव्हा पहिलं पाऊल टाकणारी ही कॉर्कची मुलगी, दोन धाकट्या भावांसह आलेली. दोन्ही किनाऱ्यांवर तिचे पुतळे आहेत. पुढे ती पश्चिमेकडे टेक्ससला गेली, असं अनेक वर्षं सांगितलं जात होतं. स्थलांतरिताने पुढे पुढे जात राहावं या अमेरिकी स्वप्नाला ती कथा शोभत होती. मेगन स्मोलेन्याक या वंशशोधक बाईंनी कागद तपासले आणि २००६ साली उघड झालं, की टेक्ससची ती अ‍ॅनी मूर मुळात स्थलांतरित नव्हतीच, तिचा जन्म इलिनॉयचा. खरी अ‍ॅनी मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीतच राहिली. जर्मन स्थलांतरितांच्या मुलाशी तिने लग्न केलं, पुष्कळ मुलं झाली, त्यांतली काही लहानपणीच गेली आणि १९२४ साली तीही गेली. क्वीन्समधल्या दफनभूमीत तिच्या थडग्यावर दगडसुद्धा नव्हता. तो २००८ साली बसवला गेला. खरी कथा अधिक दुःखाची निघाली, पण लाखो स्थलांतरितांचं आयुष्य तिच्यातच आहे. पूर्वजांचा शोध म्हणजे अभिमानाची सामग्री गोळा करणं असं मानणाऱ्यांनी ही कथा जवळ ठेवावी.

हा अभिमान आयर्लंडमध्ये भरपूर विकला जातो. आडनावाची चिन्हं, राजघराण्यांपर्यंत पोहोचणाऱ्या वंशावळी. मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते अमेरिकी मुष्टियोद्धे मुहम्मद अली. २००९ साली ते क्लेअर परगण्यातल्या एनिस गावी आले, कारण त्यांचे पणजोबा एब ग्रेडी तिथून अमेरिकेला गेले होते. ग्रेडी गरीब होते, तरी त्यांचं नाव आणि गाव उरलं. अलींचे जे पूर्वज गुलाम होते त्यांच्या बाबतीत मात्र १८५० आणि १८६० च्या अमेरिकी जनगणनेचे तक्ते उघडले की मालकाचं नाव मिळतं आणि खाली वय, लिंग, वर्ण. नाव जवळपास कुठेच नाही. आयरिश कुटुंबांचे कागद जळाले. या माणसांना कागदावर नावच दिलं गेलं नव्हतं.

कागद आणि रक्त यांची गाठ हक्काशी पडते तेव्हा प्रश्न आणखी अवघड होतो. आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मले असतील, तर ज्याने तो देश पाहिलाही नाही अशा माणसाला नोंदणी करून आयरिश नागरिक होता येतं. पण २००४ च्या सार्वमतानंतर, डब्लिनमध्येच परदेशी आईबापांच्या पोटी जन्मलेलं मूल आपोआप नागरिक होत नाही. आईबापांपैकी एकाचं तिथलं ठरावीक वर्षांचं कायदेशीर वास्तव्य दाखवावं लागतं. ज्या देशाची लाखो लेकरं परक्या किनाऱ्यावर कागदांशिवाय उतरली, त्याने हा नियम करावा हे मला पटत नाही. त्याच देशाचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर मुंबईत जन्मलेल्या डॉक्टरांचे आणि वॉटरफर्डच्या परिचारिकेचे चिरंजीव. २०१९ च्या डिसेंबरात ते मालवण तालुक्यातल्या वराडला, वडिलांच्या मूळ गावी, येऊन गेले. आई आयरिश असल्याने त्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न कधी उद्भवलाच नाही. उद्या डब्लिनच्या रुग्णालयात जन्मणाऱ्या दुसऱ्या मराठी बाळासाठी तो उद्भवू शकतो.

आणि शेवटी ती माणसं, ज्यांच्यासाठी पूर्वजांचा शोध हा छंद कधीच नव्हता. अविवाहित मातांकडून घेतलेली आणि विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत दत्तक पाठवलेली आयरिश मुलं दोन हजारांच्या आसपास होती. हीही स्थलांतरितच. त्यांचे कागद जळाले नव्हते, कपाटात शाबूत होते. फक्त त्यांना दाखवले जात नव्हते. दाराशी आलेल्या पन्नाशीच्या माणसाला स्वतःच्या आईचं नाव नाकारलं जाई.

२०२२ साली, आगीला शंभर वर्षं होत असताना, जळालेल्या अभिलेखागाराची जगभरातल्या नकलांतून जुळवलेली आवृत्ती इंटरनेटवर सर्वांसाठी खुली झाली. ते काम थोर आहे. त्याच वर्षी आयर्लंडमध्ये एक कायदाही झाला आणि दत्तक दिलेल्यांना आपला मूळ जन्मदाखला पाहण्याचा पूर्ण हक्क मिळाला. दोहोंतलं मोठं काम कोणतं असं विचाराल तर मी दुसऱ्याचं नाव घेईन. तो हक्क निदान पन्नास वर्षं आधी मिळायला हवा होता, कारण तोवर अनेकांच्या आया हयात होत्या.