सवलत बंद करण्याची रीत

आधीच्या सरकारची योजना नव्या सरकारला पटली नाही, तर त्याने ती गुंडाळावी. मतदार पुष्कळदा त्यासाठीच सत्तापालट करतात. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात जून २०१८मध्ये डग फोर्ड यांचा पक्ष सत्तेवर आला आणि ११ जुलैला विजेवरच्या मोटारींवरची १४,००० डॉलरपर्यंतची सवलत बंद झाली. सधन माणसाच्या मोटारीसाठी इतरांनी कर का भरावा, हा प्रश्न रास्तच आहे. टेस्ला कंपनी कोर्टात गेली ती सवलत गेली म्हणून नव्हे, ती ज्या रीतीने गेली त्यासाठी.

सरकारने १० सप्टेंबरपर्यंत मुभा ठेवली होती. ११ जुलैला डीलरकडे उभ्या असलेल्या किंवा डीलरने तोवर मागवलेल्या गाड्या त्या मुदतीत ग्राहकाच्या नावावर चढल्या, तर सवलत मिळणार होती. टेस्ला डीलर नेमत नाही, गाडी थेट ग्राहकाला विकते. त्यामुळे तिचे ग्राहक वगळले गेले. म्हणजे ऑगस्टमध्ये एखादा माणूस सहज शोरूममध्ये शिरला आणि समोरची गाडी त्याला आवडली, तर त्याला सवलत होती. आगाऊ पैसे भरून जुलैच्या आधीपासून वाट पाहणाऱ्या टेस्लाच्या ग्राहकाला मात्र नव्हती.

सरकारचे म्हणणे असे, की स्थानिक डीलर हे छोटे-मध्यम व्यावसायिक, सवलतीच्या भरवशावर त्यांनी माल भरलेला, त्यांना झळ बसू नये. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. भरवशावर पैसा गुंतवलेल्याला सावरायला थोडा वेळ द्यावा, हे न्याय्यच. पण भरवसा हाच निकष असेल, तर अनामत भरलेल्या ग्राहकाचा भरवसा डीलरच्या भरवशापेक्षा हलका कसा? या प्रश्नाला सरकारकडे पटेल असे उत्तर नव्हते.

२७ ऑगस्टला न्यायमूर्ती फ्रेडरिक मायर्स यांनी टेस्लाला वगळणे बेकायदा ठरवले. धोरण बदलण्याचा सरकारचा हक्क त्यांनी मान्य केला. पण पूर्वसूचना न देता, बाजू ऐकून न घेता एकाच कंपनीला वेगळे काढून तिचे नुकसान करणे, हा मनमानी कारभार झाला.

आपल्याकडच्या वाचकाला हा युक्तिवाद परका वाटू नये. मुंबई विमानतळावरचे एक रेस्टॉरंट आणि दोन स्नॅकबार चालवायला देण्यावरून झालेल्या रमणा शेट्टी खटल्यात १९७९मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी हेच सांगितले होते. सरकार कंत्राट, परवाना, सवलत काहीही देवो. ते खासगी मालकासारखे मर्जीने वाटता येत नाही, स्वतः घातलेल्या अटी स्वतःलाच मोडता येत नाहीत. गंमत अशी, की तत्त्व एवढे ठणकावून सांगूनही अर्जदाराच्या हाती काहीच लागले नाही. तो उशिरा आला होता, आणि कंत्राटदाराने तोवर खर्च केला होता.

अचानकपणा आणि मनमानी यांत मात्र गल्लत नको. ‘फेम-२’ योजनेत केंद्राने १९ मे २०२३ला अधिसूचना काढून विजेवरच्या दुचाकींच्या अनुदानाची मर्यादा किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणली, तीही १ जूनपासून. जेमतेम दोन आठवड्यांची मुदत, उद्योगाची तारांबळ. धोरण म्हणून ती घाई मला अजूनही पटत नाही. पण कात्री सगळ्यांवर सारखी चालली होती, म्हणून हे दुखणे ऑन्टारिओतल्या दुखण्याहून वेगळे.

मायर्स यांनीही टेस्लाच्या ग्राहकांना पैसे द्या, असे फर्मान काढले नाही. वगळण्याचा निर्णय रद्द करून पुढचे मंत्र्यांवर सोपवले. मंत्र्यांना डीलरांचीही मुभा काढून घेता आली असती, आणि समानतेची अट तेवढ्यानेही पुरी झाली असती. पण मग डीलर रस्त्यावर आले असते. ऑगस्ट संपता संपता सरकारने टेस्लाच्या ग्राहकांनाही सवलत लागू करत असल्याचे जाहीर केले.