वृद्ध घोड्याची चंदी केव्हा बदलावी?

छत्रपती संभाजीनगर हे शहर घोड्यांच्या टापांबरोबर वाढले. इ. स. १६१० च्या सुमारास मलिक अंबराने खडकी वसविली, तेव्हा त्याचे बळ चपळ घोडदळात होते. पुढे टांग्याच्या घोड्यांनी येथील उतारूंची ने-आण केली. आता टांगे विरळ झाले. तरी वरातीस घोडी अजून लागतेच. अशा जनावरास वार्धक्य आले म्हणजे मालकापुढे प्रश्न उभा राहतो की, ह्याची चंदी बदलावयाची केव्हा? प्रश्न तबेल्यातला दिसतो. परंतु तो न्यायाचा आहे, असे आम्हांस वाटते.

पुष्कळ लोक वयावर बोट ठेवितात. घोडा वीस वर्षांचा झाला की तो म्हातारा, हे खरे. पण त्या वयाचा एक घोडा कडबा सहज चावतो आणि दुसऱ्यास तो चावत नाही. घोड्याचे दात जन्मभर झिजतात व हिरड्यांतून वर सरकत राहतात. अखेरीस सरकावयास काही उरत नाही. म्हणून वर्षे मोजण्यापेक्षा खुणा पाहाव्या. अर्धवट चावलेले बोळे तोंडातून पडतात काय? लिदीत अख्खे दाणे दिसतात काय? फासळ्या वर आल्या काय? तसे असल्यास प्रथम पशुवैद्यास दाखवावे. कारण पुष्कळदा दोष वयाचा नसून दातांच्या टोचणाऱ्या कडांचा किंवा जंतांचा असतो, आणि त्यास उपाय आहे.

दात खरोखरच गेले असतील, तर लांब कडब्याऐवजी बारीक कुट्टी, कोवळा लसूणघास, भिजविलेला भरडा व कोंडा द्यावा. थोडे थोडे, पण अनेक वेळा. हा पालट सात ते दहा दिवसांत हळूहळू करावा. घोड्यास ओकता येत नाही. एकाएकी खाणे बदलल्यास पोटशूळ उठतो, आणि मायेने एकदम दाणा वाढविल्यास पाय धरून तो कायमचा अधू होऊ शकतो. ज्ञानावाचून केलेली दयाही जनावरास मारक होते.

परंतु आमचा मुख्य मुद्दा निराळाच आहे. चंदी बदलणे एक आणि चंदी तोडणे दुसरे. घोडा कमाई करीनासा झाला की हरभरा बंद होतो, व शेजाऱ्यांस सांगण्यात येते की, म्हातारपणी हलके खाणेच बरे. येथे जनावराच्या पोटाचे नाव पुढे करून मालक आपली थैली राखतो. काम कमी झाले तर दाणा काही कमी करणे रास्तच आहे; पण ज्याचे मांस झडत चालले, त्यास कमी देणे रास्त कसे?

कोणी म्हणेल, घरी लेकरांना भाकर पुरत नाही, मग घोड्यास काय घालावे? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. दारिद्र्य हा अपराध नव्हे. पण ज्याच्या श्रमांवर त्या लेकरांची भाकर इतकी वर्षे चालली, त्याचे देणे त्या घरावर आहेच. ते फेडवत नसेल तर तसे उघड बोलावे, आणि जो त्यास पोसू शकेल अशाच्या हाती ते जनावर द्यावे; त्यास रस्त्यावर सोडू नये. इ. स. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानेही मालकाने पुरेसे अन्नपाणी न देणे व योग्य कारणावाचून जनावर सोडून देणे हे गुन्हे ठरविले आहेत. तथापि मालकाच्या मनातील हेतू कायद्यास दिसत नाही; तो त्याचा त्यानेच तपासावा.

तेव्हा वाचकहो, चंदीस हात लावण्यापूर्वी स्वतःस एवढेच विचारावे : हा घोडा उद्या पुन्हा कमावू लागला, तरी मी हाच पालट केला असता काय? उत्तर होय असेल तर निर्धास्त बदलावे. नाही असेल, तर तो पालट घोड्याच्या भल्यासाठी नव्हे. आणि ज्यांच्या दारी घोडा नाही, त्यांनी हाच प्रश्न आपल्या घरातील वृद्धांच्या ताटाविषयी विचारून पाहावा.