हिरवे आणि काळे त्रिकोण

सेनगाव किंवा औंढ्याकडच्या एखाद्या गावात घरफोडी झाली, की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर दोन गोष्टी हमखास कानावर पडतात. पहिली चोराबद्दलची. तपास सुरू होण्याआधीच बोट गावाबाहेरच्या पारधी वस्तीकडे वळलेलं असतं. दुसरी उपायाची: ‘या देशाला एक हिटलरच पाहिजे.’ बोलणारी माणसं काही क्रूर नसतात. ऑशविट्झचं नाव त्यांनी ऐकलेलं असतं, अ‍ॅन फ्रँकची डायरीही त्यांच्यातल्या एखाद्याने वाचलेली असते. पण छळछावण्या हे एका माथेफिरूच्या ज्यूद्वेषाचं काम होतं आणि त्याची ‘शिस्त’ त्यातून वेगळी काढून घेता येते, हा समज पक्का बसला आहे. इतिहास नेमका उलट सांगतो. ज्या बंदोबस्तासाठी टपरीवर हिटलरची आठवण निघते, त्याच बंदोबस्ताने मरणपंथाला लागलेल्या छावण्यांना जर्मनीत दुसरा जन्म दिला.

माणसांना गुन्ह्याशिवाय कुंपणात कोंडण्याची कल्पना नाझींची नव्हे. १८९६ साली स्पेनच्या जनरल वेलरने क्यूबात खेड्यातली माणसं तटबंदीच्या आत हाकलली. बोअर युद्धात ब्रिटिशांनी शेतकऱ्यांची बायकामुलं तंबूत डांबली. त्यात सुमारे २८ हजार बोअर दगावले, बहुतेक लहान मुलं. काळ्या आफ्रिकी कैद्यांच्या मृत्यूंची नोंद तर धड ठेवलीच गेली नाही. पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णाच्या नातेवाइकांना गावाबाहेरच्या छावणीत नेत, आणि त्या संतापातून रँडचा खून झाला, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

डाखाऊची छावणी २२ मार्च १९३३ रोजी सुरू झाली, तीही चोरून नव्हे. एसएस या नाझी दलाचा प्रमुख हिमलर याने आधी पत्रकारांना बोलावून सांगितलं, म्युनिकच्या वर्तमानपत्रांनी पाच हजारांच्या क्षमतेसह बातमी छापली. कैदी मुख्यतः कम्युनिस्ट, समाजवादी, कामगार संघटनांचे कार्यकर्ते. जर्मन संसदेच्या, म्हणजे राइशस्टागच्या, आगीनंतरच्या वटहुकमाने न्यायालयाचा अडसर दूर केला होता. इथवर कोणाचं दुमत नाही.

पुढचं मात्र सहसा कोणी सांगत नाही. विरोधक मोडून पडले तशा छावण्या रिकाम्या होत गेल्या. १९३५ च्या उन्हाळ्यात एसएसच्या सगळ्या छावण्यांत मिळून चार हजारही कैदी नव्हते. त्याच वेळी नेहमीच्या तुरुंगांत एक लाखाहून जास्त माणसं होती. हिटलरच्या सरकारातलेच काही अधिकारी म्हणत होते की, आता न्यायालयं आणि तुरुंग पुरेसे आहेत. शाळेतल्या धड्यातून मनावर ठसलेली सरळ चढती रेषा, १९३३ चं डाखाऊ ते १९४२ चं ऑशविट्झ, इथे तुटते. छावणी तेव्हा बंद पडू शकली असती.

ती पडली नाही, कारण हिमलरने कैद्याची व्याख्या बदलली. ९ मार्च १९३७ रोजी एका फटक्यात सुमारे दोन हजार ‘सराईत गुन्हेगार’ उचलले गेले. जुन्या गुन्ह्यांची शिक्षा भोगून सुटलेली, नवा आरोप नसलेली माणसं. यादी पोलिसांच्या जुन्या दप्तरातून निघाली. डिसेंबरात ‘गुन्ह्याला प्रतिबंध’ या नावाखाली फर्मान आलं आणि ‘समाजविघातक’ ठरवलेल्या कोणालाही अमर्याद काळ कोंडण्याची मुभा मिळाली. जून १९३८ मध्ये गुन्हे पोलिसांच्या प्रत्येक मुख्य कार्यालयाला आकडा नेमून दिला गेला: किमान दोनशे धडधाकट पुरुष. भिकारी, भटके, बेकार, दारुडे, ‘जिप्सी’ म्हणून ओळखले जाणारे रोमा आणि सिंती, शिवाय कधीकाळी किरकोळ शिक्षा झालेले ज्यू. वर्षभरात दहा हजारांहून अधिक माणसं आत गेली आणि छावण्यांतल्या कैद्यांची संख्या वीस हजारांपलीकडे पोहोचली. गुन्हेगारांच्या सदऱ्यावर हिरवा त्रिकोण, ‘समाजविघातकां’च्या सदऱ्यावर काळा. माउटहाउझेन आणि फ्लोसेनब्युर्गच्या दगडखाणींना मजूर मिळाले.

या अटकांवर रस्त्यावर फारसा निषेध उमटला नाही. कम्युनिस्टाला उचललं तेव्हा निदान त्याचे साथीदार तरी हळहळले होते. भिकाऱ्याला उचललं तेव्हा शेजाऱ्यांना हायसं वाटलं. हाच तो बदल. माणूस काय करतो याऐवजी तो कोण आहे, हे पाहून कोंडायचं, आणि समाजाने ते रोज दिसणारी व्यवस्था म्हणून स्वीकारायचं. नोव्हेंबर १९३८ मध्ये सुमारे २६ हजार ज्यू पुरुष छावण्यांत ढकलले गेले, तेव्हा जागा, पहारेकरी, नोंदवह्या आणि बघ्यांची सवय, सगळं तयार होतं. साठ लाख ज्यूंचा संहार यातून आपोआप घडला असं म्हणणं खोटं ठरेल. त्याला युद्ध लागलं, वंशद्वेष लागला, ट्रेब्लिंकासारखी केवळ मारण्यासाठी उभारलेली वेगळी ठिकाणं लागली. पण त्याआधी एक संमती लागली, आणि ती काळ्या त्रिकोणावर मिळाली.

मराठवाड्यातल्या वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवलं. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये पारधी, कैकाडी, टकारी कुटुंबं काटेरी तारेच्या आत राहिली. हजेरी, बाहेर जायला पास, गिरण्यांतली मजुरी. सोलापूर म्हणजे डाखाऊ नव्हे. तिथे मारण्याचा हेतू नव्हता, आणि असं समीकरण मांडणं दोन्हीकडच्या मृतांवर अन्याय आहे. साम्य आहे ते पोलिसांच्या नोंदवहीत. नाझी वंशसंशोधक रॉबर्ट रिटरने १९३६ पासून रोमांच्या डोक्यांची मापं घेऊन, वंशावळी लिहून, गुन्हेगारी रक्तात असते हे ‘सिद्ध’ केलं. आपल्याकडे ते गृहीतच होतं. रोमांचे पूर्वज भारतातूनच गेलेले, ही गोष्ट इथे नुसती योगायोगाची राहत नाही.

स्मरणाचंही तसंच झालं. पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये निकाल दिला की, १९४३ पूर्वीची रोमांची धरपकड वंशद्वेषातून नव्हे, त्यांच्या ‘गुन्हेगारी वृत्ती’मुळे झाली; भरपाई नाकारली गेली. त्यांचा वंशसंहार सरकारने मान्य केला तो १९८२ मध्ये. बर्लिनमधलं त्यांचं स्मारक २०१२ चं. हिरव्या आणि काळ्या त्रिकोणवाल्यांना जर्मन संसदेने पीडित मानलं, तोवर १३ फेब्रुवारी २०२० उजाडली होती. तोपर्यंत बहुतेक सगळे मरून गेले होते. घरच्यांनीही लाजेने त्यांची नावं घेतली नव्हती. स्मारकांना निष्पाप बळी हवे असतात. चोरी करून शिक्षा भोगलेला माणूसही छावणीत जाण्याच्या लायकीचा नव्हता, हे साधं वाक्य म्हणायला एका लोकशाहीला पंचाहत्तर वर्षं लागली.

आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा रद्द होऊन तार ३१ ऑगस्ट १९५२ ला तुटली आणि त्या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. हिंगोली जिल्ह्यातल्या कितीतरी बंजारा तांड्यांसाठी हाच शब्द जातीच्या दाखल्यावर येतो, म्हणजे ही गोष्ट परक्या देशाची नाही. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि संशय जुन्याच वस्त्यांभोवती घुटमळत राहिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातले जातीवर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये, असं पोलिसांना बजावलं. हा निकाल ठाण्यातल्या हवालदारापर्यंत पोहोचला का, हे घरफोडीच्या दुसऱ्या सकाळी पोलिसांची जीप आधी कुठे जाते यावरून कळेल. ती पारधी वस्तीकडे निघाली, तर तिच्यातल्या पोलिसांना ठशांविना आणि साक्षीदाराविना कशासाठी निघालात, हे गावकऱ्यांनीच विचारायला हवं.