घेणारे हात

कुटुंबवत्सल पिता म्हणजे देणारे हात, असे आम्ही गृहीत धरतो. मग आजाराने ते हात दुबळे झाले, की पितृत्व ओसरते काय?

लिझ्यूच्या संत तेरेजाचे वडील लुई मार्टिन हे फ्रान्समधील घड्याळजी. १८७७ साली पत्नी झेली निवर्तल्यावर पाच मुलींना त्यांनीच वाढविले. पुढे मेंदूच्या विकाराने भान ढळू लागले. १८८९ ते १८९२ ही वर्षे मनोरुग्णालयात गेली. लेकी मठात गेल्या म्हणून असे झाले, असे लोक बोलले. (अशा जिभा आमच्या धर्मग्रामांतही आहेत!)

घरी परतले ते चाकांच्या खुर्चीत, जवळजवळ अबोल होऊन. हातून काहीच होत नव्हते. तरी घर त्यांच्याभोवतीच उभे होते, आणि आमच्या मते तेही पितृत्वच. २०१५ साली हे दांपत्य संत घोषित झाले. सेवा करणारी सेलीन मात्र १८९४ मध्ये वडिलांनी डोळे मिटल्यावरच मठात गेली.